प्रशासक बाबासाहेब : अधिकारपद आणि समाजाचे ऋण

दरवर्षी जून महिन्यात नवे विद्यार्थी वसतिगृहात दाखल होतात. पहिल्या आठवड्यात त्यांची ओळख करून घेताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : मोठेपणी कोण व्हायचे? उत्तरे ठरलेली असतात. कुणाला कलेक्टर व्हायचे असते, कुणाला तहसीलदार, कुणाला फौजदार. उमराण्याच्या कांदा बाजारात हमाली करणाऱ्याचा मुलगा असो, की ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलगी असो, साहेबाची खुर्ची सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्यानंतर आम्ही दुसरा प्रश्न विचारतो : कलेक्टर होऊन काय करणार? या प्रश्नाला बहुधा उत्तर येत नाही.

काही वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाने मात्र उभे राहून सांगितले, "सर, जातीच्या दाखल्यासाठी माझ्या आईला पाच वेळा माघारी पाठवलं. पाच दिवसांची मजुरी बुडाली. मी साहेब झालो तर कुणाला असं माघारी पाठवणार नाही." वर्ग शांत झाला. लोकप्रशासनावरील अनेक ग्रंथ आम्ही विद्यार्थिदशेत अभ्यासले. त्या सर्वांचे सार त्या मुलाच्या तीन वाक्यांत होते. अधिकाऱ्याचे मोजमाप त्याच्या गाडीवरील दिव्याने होत नाही. त्याच्या दारातून कोण माघारी गेले आणि कोण काम होऊन गेले, यावरून होते.

त्या मुलाच्या उत्तराला आधार देणारा एक मोठा प्रशासक आपल्या इतिहासात होऊन गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण घटनाशिल्पकार म्हणून ओळखतो. नाशिक जिल्ह्यातील आपणा सर्वांना काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा घराघरांतून ठाऊक आहे. परंतु सरकारी खात्याचा कारभार हाती घेऊन, फायली वाचून, बैठका घेऊन, कायद्याचे मसुदे मांडून त्यांनी जे काम केले, ते आपल्या बोलण्यात फारसे येत नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज लहानमोठ्या शासकीय पदांवर आहेत. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्यापुढे आणि पालकांपुढे प्रशासक बाबासाहेबांचा हा धडा ठेवावा, असे आम्हांस वाटले.

अभ्यासाचा पाया

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. साठी त्यांनी निवडलेला विषय लक्षात घेण्याजोगा आहे : ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची अर्थव्यवस्था. पुढे पीएच.डी. साठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासाचा अभ्यास केला. तो प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. म्हणजे अन्यायाविरुद्ध चळवळ उभी करण्याच्या कितीतरी आधी राज्ययंत्रणा कशी चालते, कर कोण भरतो, तिजोरीतील पैसा कोणावर खर्च होतो, याची त्यांनी बारकाईने तपासणी केली होती.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. गाऱ्हाणे मांडणारे पुष्कळ असतात. परंतु ज्या यंत्रणेकडे गाऱ्हाणे मांडायचे, तिची रचना समजून घेणारे थोडे असतात. अंदाजपत्रकाचा रकाना वाचता आला, तर आपल्या वाट्याचे काय कमी झाले ते कळते. बाबासाहेबांच्या संघर्षाला धार होती, कारण त्यामागे अभ्यास होता.

बडोद्याचे अकरा दिवस

शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करणे बाबासाहेबांना बंधनकारक होते. १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. एवढ्या विद्वान तरुणाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. जात लपवून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. कचेरीतही शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून टाकीत. अखेरीस त्यांना नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले.

या प्रसंगाकडे आपण केवळ दुःखाची कथा म्हणून पाहतो. प्रशासनाच्या दृष्टीने त्यात एक कठोर शिकवण आहे. महाराज उदार होते, नेमणूक रीतसर होती, पदही मानाचे होते. तरीही कारभार फसला. वरून निघालेला चांगला हुकूम खालच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, कारण मधल्या माणसांचे मन बदललेले नसते आणि त्यांना जाब विचारण्याची व्यवस्था नसते. पुढील आयुष्यात बाबासाहेबांनी सद्भावनेवर भिस्त ठेवली नाही. हक्क कायद्यात, नियमात आणि आकड्यांत लिहून घेण्याचा त्यांचा जो आग्रह दिसतो, त्याची मुळे बडोद्याच्या त्या अनुभवात आहेत, असे आम्हांस वाटते.

कायदेमंडळ आणि स्टार्ट समिती

१९२७ मध्ये बाबासाहेबांची मुंबई विधिमंडळावर नेमणूक झाली. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. तुटपुंज्या बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारी वेठ करायला लावणारी ही पद्धत होती. आपल्या आजोबा-पणजोबांनी येसकराची काठी खांद्यावर घेऊन सोसलेले ते जिणे जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. त्याच वर्षी कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात रजा व भत्ता देणाऱ्या विधेयकाचेही त्यांनी समर्थन केले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला.

आपल्यासारख्या निवासी शाळेच्या दृष्टीने याच काळातील आणखी एक काम महत्त्वाचे आहे. अस्पृश्य वर्ग व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० मध्ये समितीने अहवाल दिला. शिष्यवृत्त्या वाढवाव्यात आणि वसतिगृहांची सोय करावी, हा त्या अहवालाचा एक प्रमुख भाग होता. त्यापूर्वीच बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह सुरू झालेले होते. खेड्यातील मुलाला शाळा मिळाली, तरी राहायला छप्पर आणि दोन वेळचे अन्न मिळाले नाही तर शिक्षण अर्धवट राहते, हे त्यांनी ओळखले होते. ज्या छपराखाली आमचे विद्यार्थी आज झोपतात, त्याच्या विचाराचा वारसा इतका जुना आहे.

मजूर खात्याचा कारभार

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. आजच्या भाषेत ते केंद्रीय मजूर मंत्री होते. १९४६ पर्यंत, सुमारे चार वर्षे, हे खाते त्यांच्याकडे होते. महायुद्धाचा काळ होता. कारखान्यांतून उत्पादन हवे होते, महागाई वाढत होती आणि कामगारांत असंतोष होता.

पदभार घेतल्यानंतर काही दिवसांतच, ७ ऑगस्ट १९४२ रोजी, दिल्लीत सरकार, मालक व कामगार या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी एकत्र बसले. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. अशा विचारविनिमयाला कायमचे स्वरूप देण्याचे त्या परिषदेत ठरले. त्यामुळे कामगारासंबंधीचा निर्णय कामगाराच्या गैरहजेरीत होऊ नये, ही रीत पडली. अन्यायाचे बरेचसे निर्णय ज्याच्यावर अन्याय होणार त्याला न विचारता घेतले जातात, हे आपण गावपातळीवरही पाहतो.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले. खाणीत उतरून त्यांनी काम पाहिले, मजुरांच्या राहण्याच्या खोल्या पाहिल्या. त्यानंतर जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण यांसाठी त्या निधीतून खर्च करण्याची तरतूद होती.

आता एका अवघड प्रकरणाकडे वळू. गौरवाच्या लेखांत ते सहसा येत नाही. परंतु इतिहासाच्या शिक्षकाने ते टाळू नये. स्त्रियांना खाणीत जमिनीखाली कामाला लावण्यास त्यापूर्वीच बंदी झाली होती. युद्धकाळात कोळशाची टंचाई झाल्यामुळे १९४३ मध्ये सरकारने ती बंदी उठवली, आणि खाते बाबासाहेबांकडे होते. कायदेमंडळात फेब्रुवारी १९४४ मध्ये यावर कडक टीका झाली. हा उपाय आणीबाणीपुरता आहे, असे सांगून त्यांनी सरकारची बाजू मांडली आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, या तरतुदीकडे लक्ष वेधले. १९४३ व १९४५ मध्ये खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. आम्ही हे प्रकरण वर्गात सांगतो, कारण प्रशासकाला नेहमीच चांगले आणि वाईट यांतून निवड करायला मिळत नाही. कधी कधी दोन्ही वाटा काटेरी असतात. अशा वेळी निर्णयाची जबाबदारी स्वीकारणे, ज्यांना झळ बसणार त्यांना संरक्षण देणे आणि संधी मिळताच तो निर्णय मागे घेणे, एवढे त्याच्या हाती असते.

दुसरी एक गोष्टही स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले, असे जयंतीच्या भाषणांत पुष्कळदा सांगितले जाते. कायद्याची नोंद याहून थोडी वेगळी आहे. १९३४ च्या कारखाना कायद्यानुसार बारमाही कारखान्यांत आठवड्याची मर्यादा ५४ तासांची होती. बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकानुसार १९४६ मध्ये ती ४८ तासांवर आली. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर दिवसाला आठ तास होतात. साखर कारखान्यासारख्या हंगामी कारखान्यांसाठी ही मर्यादा ५० तास ठरली. जादा कामाला दुप्पट दराने मोबदला देण्याची तरतूद झाली. त्याआधी १९४५ मध्ये कारखान्यातील कामगारांना वर्षाकाठी पगारी सुट्ट्यांचा हक्क मिळाला होता. खरा आकडा सांगितल्याने बाबासाहेबांची थोरवी कमी होत नाही. उलट, एकेक कलम, एकेक तास झगडून मिळवावा लागतो, हे त्यातून कळते.

प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेचे काम सोपविण्यात आले. त्यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. रोप लावणाऱ्याच्या हयातीत त्याच खात्यात फळ हाती येतेच असे नाही. आपल्यानंतर येणाऱ्याला पुढे नेता येईल अशा रीतीने काम मांडून ठेवणे, हेही प्रशासकाचे कर्तव्य आहे.

पाण्याचा विचार

आपल्या देवळा तालुक्यात पाण्याचे मोल कुणाला सांगावे लागत नाही. लोहोणेर, विठेवाडीच्या बाजूला गिरणेमुळे मळे हिरवे दिसतात. उमराण्याच्या बाजूला उन्हाळ्यात माणसे टँकरची वाट पाहतात. नदी एकच तालुका ओलांडते, पण तिचे पाणी सर्वांच्या शेतात सारखे जात नाही.

त्या काळी पाटबंधारे व वीज यांचे केंद्रीय नियोजन मजूर खात्याच्या कक्षेत होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्ता येथे झालेल्या परिषदेत बाबासाहेबांनी या नदीचा प्रश्न केवळ पूर अडविण्यापुरता पाहू नये, अशी भूमिका घेतली. सिंचन, वीज, जलवाहतूक आणि पूरनियंत्रण यांचा एकत्र विचार व्हावा, असा तिचा आशय होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे महानदीसंबंधीही त्यांनी हाच विचार मांडला. १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारसदार आहे. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये अस्तित्वात आले.

महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये ज्यांनी ओंजळभर पाण्याचा हक्क मागितला, त्यांनीच अठरा वर्षांनी देशाच्या नद्यांच्या नियोजनाची दिशा आखली. या दोन्ही घटना एकत्र ठेवून वाचल्या म्हणजे समतेचा अर्थ कळतो. आपल्याला नाकारलेले सर्वांना मिळावे, हाच त्यांच्या कारभाराचा हेतू होता.

समाजाचे गाऱ्हाणे, सरकारच्या दालनात

सरकारात बसल्यानंतर बाबासाहेबांनी आपल्या लोकांचा विसर पडू दिला नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले. नोकऱ्यांतील प्रतिनिधित्व, उच्च शिक्षणासाठी अर्थसाहाय्य, सरकारी बांधकामांची कंत्राटे अशा मुद्द्यांची त्यात आकड्यांसह मांडणी होती. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या सेवांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. वयोमर्यादेत आणि परीक्षा-शुल्कात सवलतही देण्यात आली. जून १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल ३ लाख रुपयांची तरतूद झाली. आज आमचे विद्यार्थी दहावीनंतर ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, तिची सुरुवात येथे आहे.

मंत्रिपदावर असतानाच, ८ जुलै १९४५ रोजी, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सरकारी कामाचे ओझे आहे, समाजासाठी वेळ नाही, असे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात.

खुर्ची सोडण्याचे धैर्य

१९४७ मध्ये बाबासाहेब स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले. स्त्रियांना वारसा, विवाह आणि घटस्फोट यांबाबत हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलासाठी त्यांनी अपार श्रम घेतले. ते विधेयक मागे पडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मागासवर्गीयांकडे होणारे दुर्लक्ष हेही त्यांनी नमूद केलेल्या कारणांपैकी एक होते. खुर्ची हे साधन आहे. ज्या कामासाठी ती स्वीकारली ते काम होत नसेल, तर ती सोडता आली पाहिजे, हे त्यांनी दाखवून दिले.

आणि तरीही त्यांना एक दुःख होते. मार्च १९५६ मध्ये आग्रा येथे त्यांनी शिकलेल्या वर्गाविषयीची आपली व्यथा जाहीरपणे बोलून दाखवली. शिकून हा वर्ग समाजाची सेवा करील, अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. ही व्यथा आम्हांला आमच्याच घरात ऐकू येते. आमचे काही विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर गेले आणि गावाकडची वाट विसरले. दोष केवळ त्यांचा आहे, असे आम्ही म्हणत नाही. अधिकारी कसे व्हावे हे आम्ही त्यांना शिकवले. अधिकारी होऊन काय करावे, हे शिकविण्यात आम्हीही कमी पडलो असू.

आजचे कर्तव्य

मंत्रिपद प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. त्याची गरजही नाही. ई. झेड. खोब्रागडे हे नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना २००५ मध्ये त्यांनी जिल्ह्यातील शाळांत संविधानाच्या प्रास्ताविकेचे वाचन सुरू केले. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, मोठा निधी लागला नाही. हाती असलेल्या अधिकाराच्या मर्यादेत राहूनच हे काम झाले.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती साधी आहे. आपण तलाठी असा, ग्रामसेवक असा, लिपिक असा, पोलीस असा. आपल्या टेबलावर येणारा अर्ज नीट वाचा. कागद कमी असेल तर कोणता कमी आहे, ते एकदाच आणि पूर्ण सांगा. निरक्षर बाईला बसायला सांगा. नियमात बसते ते काम त्याच दिवशी करा. बसत नसेल तर कारण लिहून द्या. समता, न्याय आणि सेवा हे शब्द मोठे आहेत, पण त्यांचा व्यवहार इतक्याच छोट्या गोष्टींतून होतो. आणि वर्षातून एक रविवार शाळेत येऊन मुलांचे शिष्यवृत्तीचे व दाखल्यांचे अर्ज भरून द्या. आमच्या मुलांना हारतुऱ्यांपेक्षा त्याची गरज अधिक आहे.

लेखाच्या आरंभी ज्याचा उल्लेख केला, तो विद्यार्थी आता महाविद्यालयात शिकतो आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तो अधिकारी होईल की नाही, हे परीक्षा ठरवील. परंतु पाच वेळा माघारी गेलेल्या आईची आठवण त्याने जपली, तर तो जेथे असेल तेथे बाबासाहेबांचे काम पुढे नेईल, असा आम्हांला विश्वास आहे.

विद्यार्थ्यांनी विचार करावा असे प्रश्न

१. बडोद्यात महाराजांची इच्छा असूनही बाबासाहेबांना न्याय का मिळू शकला नाही?
२. कामगारांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. तुमच्या घरातील मोठी माणसे आठवड्याला किती तास काम करतात? त्यांना हा कायदा लागू होतो का? माहिती घ्या.
३. खाणीतील स्त्रियांच्या कामाविषयी १९४३ मध्ये तुम्ही निर्णय घेणारे असता, तर काय केले असते? कारणे द्या.
४. तुमच्या गावातील एखाद्या शासकीय कामासाठी कोणकोणते कागद लागतात, याची यादी करा आणि ती गावात लावा.

जय भीम!